यमाजी नानाची मोटरची सायकल

माझा सोभाव तापट हाय, हे आधीच सांगून ठेवतो. कळंबला हायवेच्या कडंला माझं मोटर रिवायंडिंगचं, म्हंजी जळाल्या मोटरीत नवी तार बांधायचं दुकान हाय, अठ्ठावीस वर्सं झाली. हिरीतली पाणबुडी मोटर जळाली की लोक ती गाडीवर आडवी टाकून आणत्यात आन् म्हणत्यात, "चांगदेवभाऊ, सांजच्यापर्यंत द्या, कांदा सुकतोय." मी म्हणतो, कांदा तुझा सुकतोय, लाईट जातीय-येतीय तवा स्टार्टरपाशी तू झोपला व्हतास, आन् घाई मला का? असं तासभर तोंड चालतं. पण मोटर सांजच्यापर्यंत देतो. ह्या मोटरीचं काम व्हनार न्हाई, असं मी अठ्ठावीस वर्सांत गिऱ्हाइकाला कधी म्हणलो न्हाई. एकदाच म्हणलो. तेच सांगतोय.

यमाजी नाना पासष्टीचा. घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं. शंभराच्या वर व्हती. ती संभाळायला त्याचा धाकला भाऊ दादाभाऊ. मेंढरांचा तळ पडतो त्याला वाडा म्हणत्यात. शेतकरी बोलावतो, चार रात्री मेंढरं रानात बसवतो, लेंडीचं खत झालं की वाडा उठतो आन् फुडच्या रानात जातो. कधी पिंपळवंडीकडं, कधी निमगाव सावाच्या बाजूला. दादाभाऊ वाड्यावरच राहायचा, आन् नाना रोज घरनं भाकरी, पीठ, मेंढरांची औशदं घेऊन वाड्यावर जायचा. जायला यायला पाय. मोटरसायकल त्याला येत न्हाई, आन् कालव्याच्या कडंनं, बांधावरनं ती जाईल कशी? वाड्यावर गेला की एकेक मेंढरू दोन्ही हातांनी चाचपायचा, तोंड उघडून बघायचा, खूर उचलून बघायचा. त्याशिवाय त्याला भाकरी ग्वाड लागायची न्हाई.

मग गुडघे गेले. गेल्या जेठात नाना वाड्यावरनं येताना चढाला बसला तो उठंना. पोरगं गोरक्ष चाकणला कंपनीत, तेबी ठेकेदाराकडं. खाडा करून आलं, आन् बापाला उचलून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी माझ्याच दुकानात, चहा पिता पिता, गोरक्षनं सरळ तोंडावर सांगितलं.

"आबा, दसऱ्यापर्यंत बघतो. तुमचं तुमी वाड्यावर जाऊन येत असाल तर ऱ्हाऊ द्या मेंढरं. न्हाईतर दसऱ्याला व्यापारी बोलावणार. माझ्या नोकरीचं वाटोळं न्हाई करायचं."

नानानं कपातला चहा बशीत वतला आन् पिला. गोरक्ष गेल्यावर मला म्हणला, "चांगदेवा, त्या पुण्याच्या साहेबाची सायकल हाय माझ्याकडं. हिला मोटर बसव."

सायकल म्हंजी डोंगरात चालवायची, जाड टायरची, गिअरची. त्या साहेबाचं फार्महाऊस नाना अधनंमधनं बघायचा. साहेबाचं पोट सुटलं, सायकल पडून राह्यली, ती त्यानं नानाला देऊन टाकली व्हती.

मी म्हणलं, "नाना, ही काय पिठाची गिरणी हाय व्हय, मोटर बसवायला?"

"तुला येत न्हाई व्हय?"

झालं! असं कुणी म्हणलं की माझं डोकं फिरतं. नानाला हे म्हायती व्हतं.

माझी पोरगी कल्याणी इंजिनिअरिंगला हाय. तिनं मोबाईलवर शोधून काढलं. ही मोटर चाकात बसत न्हाई. पायंडलाचा एक्सल जिथं असतो, सायकलीच्या बरोबर मधी, तिथला जुना एक्सल काढून त्या नळीतनं मोटर घालायची. ताकद चेनीतनं मागं जाते, म्हणून गिअरचा उपेग व्हतो आन् सायकल भिताडासारखा चढ चढते. नानानं दोन नर विकले, किट मागवलं. खोकं आलं तवा नानानं आधी त्याला नमस्कार केला.

जुना एक्सल निघंना. तेल घातलं, तापवलं, पान्याला दोन हाताचा पाईप लावला, त्या साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तवा कुठं हालला. मोटर घातली तर नळी रुंद निघाली, आतनं वायसर घालावं लागलं. बॅटरी पाण्याची बाटली अडकवायच्या जागी. दोन्ही ब्रेकांना कट-ऑफ, म्हंजी ब्रेक दाबला की मोटर बंद. तीन दिस माझ्या दुकानात एक मोटर बांधली गेली न्हाई, लोक शिव्या देऊन गेले. चौथ्या दिवशी नाना बसला. एका पायंडलात सायकल हायवेच्या कडंनं अशी निघाली की समोरचा चहावाला गेणभाऊ वरडला, "नाना, आवो पायंडल तरी मारा, लोकांना खरं वाटंना!" नाना हसला. त्याच्या तोंडात वरच्या बाजूला तीनच दात हायत हे मला तवा कळलं.

पहिल्याच आठवड्यात चेन तोडून आणली. चढाला जड गिअर तसाच ठेवला व्हता. मी बोलू नये ते बोललो, मग समजावलं, चढ लागायच्या आधी गिअर हलका कर, चढात गेल्यावर न्हाई.

"म्हंजी मेंढरासारखंच," नाना म्हणला. "चढात वळवायला गेलं की बिथरत्यात. खालीच वळवायची."

ते त्याला एवढं पटलं, की पुन्हा चेन तुटली न्हाई. आखाड गेला, श्रावण गेला, भादवा गेला. रोज सकाळी माझ्या दुकानावरनं जायचा, हात वर करायचा. रोज उजेडात माघारी. एक दिस चुकला न्हाई. त्याची बायको बाळाबाई एकदा लाडू घेऊन आली दुकानात. म्हणली, "भावजी, ह्यांना आता झोप लागती." मला लई बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? अठ्ठावीस वर्सांत कुणी माझ्या कामाला लाडू आणला न्हवता.

दसऱ्याला आठ दिस राह्यले. लोकर कातरायच्या आधी मेंढरं नदीवर नेऊन धुत्यात. एकेकाला पाण्यात घालायचं, बुडवायचं, चोळायचं, बाहेर सोडायचं. नानानं शंभर मेंढरं धुतली, आन् समद्यात शेवटी सायकल घेतली. कंबरंएवढ्या पाण्यात नेली, आडवी केली, बुडवून बुडवून चोळली, मेंढरासारखीच. वर काढून उन्हात उभी केली, हळद-कुकू लावलं, बसला, आन् बटण दाबलं तर काय न्हाई.

पिकअपमधी घालून माझ्याकडं आणली. माझं डोकंच फिरलं. "नाना, अक्कल गहाण ठेवली व्हती का? लाईटची वस्तू नदीत बुडवली?"

नाना म्हणला, "बॅटरी काढून ठेवली व्हती की मी. तूच म्हणलेलास, बॅटरीला पाणी लागू देऊ नको."

"आन् मोटर?"

"मोटरीला काय व्हतंय पाण्यानं?" अगदी मनापासनं इच्यारलं त्यानं. "तुझ्या समद्या मोटरी हिरीतच असत्यात की रं. मी बघत आलोय इतकी वर्सं."

खरं सांगायचं तर चूक माझी व्हती. पाणबुडी मोटर येगळी, ही येगळी, हे मला सांगायला पायजे व्हतं. पण ते मी तोंडानं कबूल केलं न्हाई. म्हणलं, "ठेवून जा. बघतो."

उघडली. आत पाणी, गाळ, मेंढराच्या लोकरीचे धागे. समदं पुसून घेतलं, वायंडिंग सुकवायच्या पेटीत मोठा बल्ब लावून दोन दिस ठेवलं, ग्रीस बदललं, जोडाला गंज लागला व्हता तो घासून काढला. तिसऱ्या दिवशी दुपारी सायकल स्टँडवर लावली, बटण दाबलं, आन् मागलं चाक गरगरा फिरलं. काय बी जळालं न्हवतं. मी एकटाच हसलो.

मागं बघतो तर गोरक्ष. सुट्टीचा वार व्हता त्याचा.

"चालू झाली व्हय, काका?"

"मग? चांगदेवनं हात लावलाय."

त्यानं स्टूल वढलं, बसला. चाक थांबंस्तवर चाकाकडंच बघत व्हता. मग म्हणला, "काका, आबाला सांगा, जळाली. दुरुस्त व्हत न्हाई."

मी पाना खाली ठेवला. "डोकं ठिकाणावर हाय का तुझं?"

"माझं वय किती, काका? चौतीस. तीन ठिकाणी जाऊन आलो. पोरीचा बाप इच्यारतो, वडील काय करत्यात? मेंढरामागं असत्यात म्हणलं की मानसं चहाच्या कपाकडं बघत बसत्यात. नारायणगावच्या पोरीनं तर तोंडावर सांगितलं, मला लेंड्या भरायच्या न्हाईत. दिवाळीत चौथं ठिकाण हाय. मेंढरं विकली म्हणून सांगता आलं पायजे मला." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "आन् ह्या सायकलीला आवाज हाय का? सांजच्याला उसातनं येतो म्हातारा. बिबट्यानं वढून नेलं तर तुमी येणार का सांगायला?"

ते बिबट्याचं त्यानं नंतर जोडलं, हे मला कळत व्हतं. पण पोरगं रडत व्हतं. आन् माझ्या मनात एक आणखी घाणेरडी गोष्ट व्हती, तीबी सांगून टाकतो. जळाली म्हणलं की चूक नानाची ऱ्हाती. चालू झाली म्हणलं असतं, तर मला फुडं सांगावं लागलं असतं, की नाना, मीच तुला सांगायचं इसरलो. मी व्हय म्हणून मान हालवली. गोरक्षनं माझे पाय धरले आन् मागल्या बाजूनं गेला.

अर्ध्या घंट्यानं नाना आला. दारात उभा राह्यला. आत आला न्हाई.

"काय झालं, चांगदेवा?"

"वायंडिंग गेलं, नाना."

"मग बांध की नवं."

"हिचं बांधता येत न्हाई."

"तुला बांधता येत न्हाई?"

"न्हाई येत."

"नीट बघ एकदा. खरंच न्हाई का व्हनार?"

"न्हाई, नाना. गेली ती."

"बरं," म्हणला आन् गेला. सायकल नेली न्हाई.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचे दोन टेम्पो आले. बाळाबाई घराबाहेर आली न्हाई. दादाभाऊ मेंढरं चढवत व्हता, आन् नाना टेम्पोपाशी उभा राहून एकेकाच्या तोंडाला हात लावत व्हता, रोजच्यासारखा. व्यापारी म्हणला, बाबा, उरका. दादाभाऊ आता मंचरच्या एका गोदामावर वॉचमन हाय. आन् गोरक्षचं चौथं ठिकाण? त्यांनी मेंढरांचं इच्यारलंच न्हाई. इच्यारलं, कंपनीत पर्मनंट हाय का? न्हाई म्हणल्यावर चहा झाला आन् उठले. पोरगं अजून तसंच हाय.

नाना मात्र रोज दुकानात यायला लागला. काठी टेकत, थांबत थांबत. उपड्या डब्यावर बसायचा, मी तारा गुंडाळायचो, तो बघायचा. गप्पा फार न्हाईत. सायकल मागं पोत्याखाली व्हती. मला वाटायचं, आज बोलावं, उद्या बोलावं. दोन महिने असंच गेले. माझं खानं तुटलं. बायको जानकाबाई म्हणायची, डॉक्टरला दाखवा. डॉक्टरला काय दाखवू, जीभ?

मागल्या बुधवारी हातातलं काम टाकलं आन् बोललोच. "नाना, एक सांगायचंय. ती मोटर..."

"चालू हाय," नाना म्हणला.

त्यानं काठीनं समोरचं चहाचं दुकान दाखवलं.

"त्या दिशी मी समोर गेणभाऊकडं चहा पीत व्हतो. चाक फिरल्यालं बघितलं. गोरक्ष आत व्हता, तेबी बघितलं."

"मग बोलला का न्हाईस? आई-बापावरनं शिव्या घालायच्या व्हत्या मला!"

"पोरगं खोटं बोलायला लावतंय, ते समजून घेतलं. त्याचंबी काय चुकलं? लगीन व्हईना." नानानं काठी दुसऱ्या हातात घेतली. "पण तुला मी दोनदा इच्यारलं, चांगदेवा. येकदा इच्यारून न्हाई थांबलो. म्हणलं, गडबडीत बोलला आसंल, आता खरं सांगल. दोनदा इच्यारलं तुला."

मला रडू आलं. पन्नाशीचा गडी, भर दुकानात रडलो, लाज न्हाई वाटली. उठलो, पोतं वढलं, सायकल बाहेर आणली, बॅटरी लावली, बटण दाबलं. चाक फिरलं.

"घेऊन जा, नाना. तुझी हाय. आत्ता घेऊन जा. पाया पडतो."

नानानं हँडलवर हात ठेवला, चाक थांबू दिलं. मग माझ्याकडं बघितलं.

"आन् जाऊ कुठं हिच्यावर?"