वांगं आणि तेलाची भट्टी

वडील भुसावळच्या शेडात फायरमन होते. लांबच्या गाडीवर असले की फावडं धुऊन त्यावर वांगं ठेवायचे आणि इंजिनाच्या भट्टीत सरकवायचे. तसं भरीत पुन्हा कुठं मिळालं नाही, म्हणायचे. आईसमोर मात्र कधी म्हणाले नाहीत.

मी रॉटरडॅमला बसून कंटेनरांची वेळापत्रकं लावतो. घाम येत नाही. म्हणून दर शनिवारी हौशी मंडळींच्या जुन्या रेल्वेवर कोळसा टाकायला जायचो. वडील फोनवर म्हणायचे, "आमचं फावडं सुटता सुटेना, आणि तू वर्गणी भरून मारतोस होय रे?"

जानेवारीत ते गेले. मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. रडू आलं नाही. परतून कामाला लागलो. ठरवलं एवढंच, की हंगामाच्या पहिल्या शनिवारी त्यांच्यासाठी फावड्यावर एक वांगं भाजायचं.

एप्रिलमध्ये वांगं घेऊन इंजिनावर चढलो, तर कोळसाच नाही. भट्टीत बर्नर, मागे तेलाची टाकी.

"फावडं कुठंय?" मी ड्रायव्हर बाईंना विचारलं.

"चांगला कोळसा मिळेना, म्हणून तेलावर घेतलं. फेब्रुवारीत सभेत ठरलं. तू माझ्या शेजारीच होतास. हात वर होता तुझा."

असेल. त्या दिवसांत लोक हात वर करायचे, मीही करायचो.

"या आगीवर हे भाजेल?" मी वांगं दाखवलं.

"भाजेल. पण तेलाच्या वासाचं खाणार कोण?"

मग त्यांनी वाळूची बादली आणि एक डाव दिला. भट्टीच्या दाराच्या भोकातून वाळू टाकली की ती धुराच्या ओढीनं बॉयलरच्या नळ्यांतून जाते, काजळी खरवडून नेते. दिवसभर मी तेच केलं. दर डावाला धुराड्यातून काळा लोट निघायचा आणि प्रवासी टाळ्या वाजवायचे.

"कच्चंच परत आणलंस?" घरी बायकोनं विचारलं.

काय झालं ते सांगितलं. आमच्याकडेही गॅस जाऊन इंडक्शन आलेलं. त्यालाही मीच हो म्हणालो होतो, म्हणे. वांगं ओव्हनमध्ये गेलं.

"धूर नाही लागला," घास घेत ती म्हणाली.

"नाही लागला."

दोनदा साबण लावूनही माझ्या बोटांना तेलाचा वास होता. घास तोंडाशी नेला की तो आधी यायचा. वडिलांच्या बोटांना कोळशाचा यायचा.

"अजून वाढू?"

या वेळी प्रश्न नीट ऐकला, आणि ताट पुढे केलं.