हात मिळवला तरच मित्र

लाँड्रीत तिला सगळे कडक म्हणत. तिच्या हातची चादरच तशी असे. वय तेवीस. हिला गोष्टी कळायला वेळ लागेल, असं डॉक्टरांनी लहानपणीच सांगितलं होतं. एकदा एखादी गोष्ट कळली की ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही, हे मात्र दादाला फार उशिरा कळलं.

फोन दादानेच दिला. खातंही त्यानेच उघडलं आणि नियम घालून दिला: ज्याच्याशी प्रत्यक्ष हात मिळवलास, तोच मित्र. कडकने मान हलवली.

मग तिने चादरीची घडी घालतानाचा व्हिडिओ टाकला. लोकांना काय आवडेल, काही नेम नाही. आठवड्यात त्रेचाळीस जणांना तिच्याशी मैत्री करायची होती. एकाशीही हात मिळवलेला नव्हता. दुसऱ्या कुणीही नियम गुंडाळून ठेवला असता. कडकने त्रेचाळीस जणांना एकच निरोप धाडला. "शनिवारी चारला लाँड्रीत या. हात मिळवा. मग मित्र." खाली पत्ता.

घरी हे कळलं शनिवारी साडेतीनला, लाँड्रीच्या मालकांकडून. "वहिनी, दारात माणसं जमलीत. कपडे कुणाकडेच नाहीत."

आई धावतच आली. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात दादाची.

"फोन इकडे दे. आजच्या आज खातं बंद."

कडकने फोन दिला. डोळे मात्र भरले. "बंद केलं तर एवढ्या लोकांना काय सांगू?"

"आणि कुणी भलतासलता आला म्हणजे?"

"म्हणून तर इथे बोलावलं. इथे मालक आहेत. आता तूही आहेस."

आईने फोन मुठीत घट्ट धरला. तेवढ्यात चार वाजले.

मोठी चादर दोघांनी धरायची असते. ताणायची, झटकायची आणि समोरासमोर चालत यायचं. कोपऱ्याला कोपरा लागतो, तेव्हा हाताला हात लागतो. कडकच्या लेखी हात मिळवणं ते हेच. नुसता हात पुढे करणाऱ्याला तिने आधी चादर दिली.

पहिला आला बसचा कंडक्टर. त्याने असा हिसका दिला की कडक दोन पावलं पुढे गेली.

"काका, घंटी वाजवताय का?"

कॉम्प्युटर क्लासच्या दोन मुली चादरीत गुरफटून हसत सुटल्या. एक पेन्शनर बायकोला घेऊन आले होते. "घरात स्वतःचा टॉवेल उचलत नाहीत," बायको म्हणाली आणि नवऱ्याचा व्हिडिओ काढू लागली. मालक आतून गठ्ठे आणत होते. "हॉटेलच्या अजून साठ चादरी आहेत. मित्र जपून वापर, कडक."

कधीतरी आईच गठ्ठ्यापाशी उभी राहिली. चादर पुढे करत म्हणू लागली, "चला, पुढचे कोण?"

पाचपर्यंत एकोणीस जण झाले. आई बाकावर टेकली. फोन अजून तिच्याच मुठीत होता.

"जे आले नाहीत, ते कोण?"

कडकने आईच्या हातातल्याच फोनवर एक निरोप उघडून दाखवला. आईला सांगू नकोस, एकटीच भेट, असं कुणीतरी लिहिलं होतं. खाली कडकचं उत्तर होतं. आई असणारच, तिलाही चादर धरता येते.

"मग?"

"मग तो काही बोललाच नाही."

आईने ते दोनदा वाचलं. मग तिने फोन कडकच्या हातात ठेवला.

"एकोणीस ठेव. बाकीचे काढ."

कडकने चोवीस जणांना एकेक करून काढलं. घाई केली नाही.

"आणि पुढच्या वेळी आधी मला सांगायचं."

"सांगते," कडक म्हणाली. "त्या काकूंनी व्हिडिओ टाकलाय. नवे एकसष्ट आलेत."

आईने चादरींच्या ढिगाकडे पाहिलं.

"मग चारला नको. तीनला बोलव."