वन्संची क्षमा

मी तिकडे गेले ती काही देवाचं काम करायला नव्हे. माझ्या नणंदेला जिन्यावरून ढकलणाऱ्याचा सूड घ्यायला गेले होते. हसू नका. विमानात बसल्यापासून मी त्या मेल्याला मनातल्या मनात निरनिराळ्या जिन्यांवरून ढकलत होते, आणि प्रत्येक जिना आधीच्यापेक्षा उंच.

नणंद माझ्याहून लहान, तरी मी तिला वन्संच म्हणते. वन्सं शाळेत खेळ शिकवायच्या. लग्न केलं नाही. चाळिशी उलटली तरी दहावीची पोरं त्यांना धावण्यात हरवू शकत नसत. मग एकाएकी शाळा सोडली आणि मिशनतर्फे परक्या देशात, परक्या वस्तीत, तिथल्या तरुण पोरांमध्ये काम करायला निघून गेल्या. बंद पडलेल्या बुटांच्या दुकानावरची एक लांबट खोली, त्यात टेबल-टेनिसचं टेबल, घडीच्या खुर्च्या आणि एक मोठा स्पीकर, एवढाच संसार. संध्याकाळी मागच्या मैदानात पोरांबरोबर धावायचं, मग वर येऊन गाणी आणि प्रार्थना. सुरुवातीला भाषेचा पत्ता नव्हता, तेव्हा शिट्टीवर भागवलं. पोरं जमली ती धावण्यासाठी, देव मागाहून आला.

त्याच पोरांत हा एक होता. सतरा वर्षांचा, ताडमाड, चालताना मान पुढे. मी पुढे त्याचं नाव उंट ठेवलं. एका दुपारी हा उंट आणि त्याचे दोन सोबती स्पीकर उचलून न्यायला आले. वन्सं जिन्यात आडव्या आल्या आणि त्यांनी स्पीकर धरून ठेवला. सोबती पळाले. उंटाने धक्का दिला. वन्संचं खुब्याचं हाड मोडलं.

मी पोचले तेव्हा त्या दवाखान्यात होत्या. पोलीस आले होते, पण वन्संनी तक्रार दिली नाही. "प्रभूने क्षमा करायला सांगितलंय," म्हणाल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही केली असेल, मी नाही केली!" मी म्हटलं. त्या नुसत्या हसल्या. वन्सं पहिल्यापासून आतल्या गाठीच्या. पोटातलं ओठावर येऊ द्यायचं नाही.

उंटाची आई दोन गल्ल्यांपलीकडे लाँड्रीत इस्त्री करायची. ती दवाखान्यात आली आणि वन्संच्या पायाशी बसून रडली. वन्संनी तिला उठवलं आणि म्हणाल्या, "एवढंच करा, त्याला दर रविवारी प्रार्थनेला पाठवा. तो साक्ष देईल." आई म्हणाली, बाई म्हणतील ते तो करील. बिचारीला काय माहीत, काय कबूल केलं ते.

साक्ष म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, मी कसा होतो आणि प्रभूने मला कसं बदललं. बाकीची पोरं एकदा देतात, टाळ्या घेतात आणि सुटतात. उंट दर रविवारी द्यायचा. वन्सं आता काठी घेऊन पहिल्या रांगेत बसायच्या, शेजारी मी; त्यांच्या देखभालीला म्हणून राहिले ती राहिलेच. पहिल्या वेळी तो चार वाक्यं बोलून खाली बसायला गेला, तर वन्संनी हात वर केला. "सावकाश. मी पडले तेव्हा आवाज कसा आला, ते राहिलं."

त्याने सांगितलं. पुढच्या रविवारी त्याने तो आवाज गाळला, तर वन्संनी पुन्हा हात वर केला. "मी ओरडले तेव्हा तू काय केलंस?" पळून गेलो, म्हणाला. "मागे वळून बघितलंस?" नाही, म्हणाला. हे सगळं इतक्या मऊ आवाजात, की पाहुण्या मंडळींच्या डोळ्यांत पाणी यायचं. मिशनचे मोठे साहेब मुद्दाम ऐकायला आले आणि म्हणाले, क्षमा असावी तर अशी.

मी मात्र धुमसत होते. मेल्याला टाळ्या मिळताहेत आणि आमच्या वन्संना काठी! माझे हात शिवशिवायचे. मी त्याला चहा द्यायचे तो गारढोण, एवढाच माझा सूड.

अशी चार-पाच वर्षं गेली. उंट सामानाच्या गोदामात नोकरीला लागला. कामाला चोख, दारूला शिवत नाही, आणि रविवारी हजर. एकदा मी चादरी घ्यायला लाँड्रीत गेले, तर त्याची आई इस्त्री बाजूला ठेवून म्हणाली, "बाईंना सांगा ना, आता पुरे. शनिवार आला की पोरगा जेवत नाही."

"बरं झालं," मी म्हणाले आणि चादरी उचलल्या. पण वाटेत माझं डोकं चालायला लागलं. घरी येऊन मी वन्संना सरळच विचारलं, "वन्सं, तुम्ही त्याला खरंच माफ केलंय का हो?"

त्या टेबल-टेनिसच्या जाळीचा दोरा ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वहिनी, मला धावता येत नाही."

बाई गं! मी खुर्चीतच बसले. मी गार चहावर समाधान मानत होते, आणि या बाईने केसाने गळा कापला होता, तोही दर रविवारी, सगळ्यांच्या टाळ्यांत. खरं सांगते, मला वन्संचा भारी अभिमान वाटला. त्या दिवशी आम्ही नणंद-भावजय खऱ्या अर्थाने एक झालो.

मग उंटाचं लग्न ठरलं. मुलगी चांगली, तिचा बाप बस चालवणारा, सरळ माणूस. उंट वन्संपुढे येऊन उभा राहिला. "बाई, त्यांना यातलं काही माहीत नाही. लग्न झालं की मीच सांगेन. तोवर साक्ष नको."

"अरे, लाज कसली?" वन्सं म्हणाल्या. "येत्या रविवारी त्यांनाच घेऊन ये. मी आशीर्वाद देते."

नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. रविवारी मुलगी, तिचा बाप आणि उंटाची आई अशी तिघं आमच्या मागच्याच रांगेत बसली. मी ठेवणीतली साडी नेसले होते. कशासाठी ते कळलंच असेल तुम्हाला. आता सासरा ऐकणार, उठणार, आणि लग्नाचे तीन तेरा वाजणार.

उंट उभा राहिला आणि त्याने काही गाळलं नाही. स्पीकर, धक्का, आवाज, पळून जाणं, सगळं सांगितलं. वन्संना हात वर करायला जागाच ठेवली नाही. मागे सासऱ्याची खुर्ची करकरली, पण तो उठला नाही.

मग उंट वन्संकडे वळला. "बाई, मी इतकी वर्षं सांगतोय, की तुम्ही मला क्षमा केलीत. ते मीच सांगतो. तुमच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. आज सांगा. केलीत का?"

वन्संनी काठी घट्ट धरली. एक शब्द म्हणायचा होता, "केली". तो म्हटला असता तर उंट जन्मभर त्यांच्यापुढे उभा राहिला असता. पण वन्सं आयुष्यात कधी खोटं बोलल्या नव्हत्या. चतुराई केली, खोटं नाही.

"नाही," वन्सं म्हणाल्या.

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. कसलं काय! उंटाचे खांदे खाली आले आणि त्याने मोठा श्वास सोडला. त्याची आई उठली, पुढे आली आणि त्याच्या दंडाला धरून म्हणाली, "चल बाळा. संपलं." त्या मुलीने खुर्चीवरचा त्याचा कोट उचलला. सासऱ्याने दार उघडून धरलं. चौघंही जिना उतरून गेले.

संध्याकाळी मी वन्संच्या पायाला तेल चोळत होते. "झालं ना मनासारखं?" मी विचारलं. "सगळ्यांसमोर तोंडावर सांगितलंत. मला तर बाई गार वाटलं."

वन्संचा चेहराच पडला. "तो आता येणार नाही गं, वहिनी," त्या म्हणाल्या. "मग रविवारी मी करू काय?"