बर्फावरच्या मुली आणि ताईचे गुण

माझ्या थोरल्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. बजाजनगरात आमच्या गल्लीत केबल आली तेव्हा आम्ही सिनेमे बघायचो आणि ताई थोड्या वेळानं उठून जायची. पडद्यावर कोण का रडतंय हे दर वेळी खुणांनी सांगणं कुणालाच जमायचं नाही. मग एका हिवाळ्यात, दुपारच्या वेळी, खेळाच्या चॅनेलवर बर्फावरचं स्केटिंग लागलं आणि ताई जागची हलली नाही.

परदेशातला मोठा हॉल, पांढरं मैदान आणि त्यावर एकटी मुलगी. ती घसरत यायची, हवेत गिरकी घ्यायची, एका पायावर उतरायची. सगळं वर्णन इंग्रजीतून. आईवडिलांना इंग्रजी येत नव्हतं, मला शाळेपुरतं. त्यामुळे त्या टीव्हीसमोर आम्ही चौघं पहिल्यांदाच सारखे झालो. खेळ संपला की पंचांचे गुण ओळीनं यायचे, एकेका देशाच्या नावाखाली एकेक आकडा. ते ताईला कुणी समजावून द्यावं लागत नव्हतं.

वडील खुलताबादकडच्या खेड्यातून येऊन वाळूजच्या एका कंपनीत लागलेले. बर्फ त्यांनी पाहिला होता तो रसवंतीतला. पण पंचांवर त्यांचा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता.

एकदा फार वाजलं. एक मुलगी उडी मारताना पडली, तरी पहिली आली. दुसरी एकदाही चुकली नाही आणि तिचा नंबर दुसरा.

"सगळं ठरलेलं असतंय," वडील म्हणाले. "ही मोठ्या देशाची हाय. पंचबी त्यांचेच."

"तसं नाही," मी म्हणाले. "ती गाण्यावर किती छान खेळली. प्रत्येक गिरकी सुरावर होती. त्याचेही गुण असतात."

ताईला आमचे चेहरे दिसत होते. काय चाललंय, तिनं हातानं विचारलं. मी सांगितलं. तिनं टेबलावर थाप मारली, म्हणजे ती पडली. मग दोन बोटं टेबलावर ताठ उभी केली, म्हणजे ही उभी राहिली. मी पुन्हा गाण्याचं सांगायला लागले. कान दाखवला, हात लाटेसारखा हलवला.

ताईनं माझा हात धरून थांबवला. मग एकेक खूण सावकाश करत तिनं विचारलं, "जिला ऐकू येत नाही, तिनं खेळायचंच नाही?"

वडील म्हणाले, "बरोबर बोलतीय ती." त्या दिवसापासून घरात ताईचे गुण वेगळे मोजले जाऊ लागले. पंचांचा निकाल लागायच्या आधी ती बोटांनी आपला निकाल द्यायची. वडील आधी तिच्याकडं बघायचे, मग टीव्हीकडं.

त्याच वर्षांत तिला बघायला माणसं येत होती. येत, बसत, तिला चालून दाखवायला सांगत आणि जात. ते गेल्यावर ताई आम्हाला हसवायला त्यांनाही गुण द्यायची. मिशीला इतके, बसण्याला इतके. आई हसता हसता पदर डोळ्यांना लावायची. कुठूनच होकार आला नाही. पुढं माझं लग्न झालं, मी औरंगपुऱ्यात राहायला गेले. ताई आईवडिलांजवळच राहिली. हिवाळ्यात स्पर्धा लागल्या की मी रिक्षानं माहेरी यायचे. मधे गुण द्यायची पद्धत बदलली, आकडे किचकट झाले. पण आमचं भांडण चालूच राहिलं.

मग ताई दारांना धडकायला लागली. बाजूनं पाण्याचा पेला पुढं केला तर तिला दिसेना. आधी आम्हाला वाटलं, लक्ष नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, नजर कडेनं मिटत चाललीय, मधलं तेवढं काही वर्षं राहील. कानाबरोबर कधीकधी हेही येतं. याला औषध नाही.

बाहेर बाकावर बसून वडील एवढंच म्हणाले, "एकीलाच दोन्ही?"

ताईनं टीव्हीपासून लांब बसायला सुरुवात केली. लांबून पडदा लहान दिसायचा आणि तिच्या उरलेल्या नजरेत मावायचा. दर हिवाळ्यात तिची खुर्ची थोडी मागं जायची. शेवटी ती भिंतीला टेकली. तिथूनही मैदानाचा एक तुकडाच दिसायचा. मुलगी त्यात यायची आणि निघून जायची. नंतर तेही गेलं. आई तोपर्यंत वारली होती.

मी ताईच्या तळहातावर खेळ सांगायला लागले. माझी दोन बोटं तिच्या हातावर घसरायची, गिरकी घ्यायची, उतरायची. कुणी पडलं तर तळव्यावर थाप. सुरुवातीला ताई खूश होती. मान हलवायची, मधेच हात दाबून "पुन्हा सांग" म्हणायची.

एका दुपारी मला फार आवडणारी मुलगी खेळत होती. ती मस्त खेळली आणि मी तसंच सांगितलं. ताईनं हात काढून घेतला.

"ती तुझ्या आवडीची आहे," ती खुणेनं म्हणाली. "तुझी बोटं हलकी झाली."

ताई शाळेत लिहावाचायला शिकली होती. मी तिच्या हातावर बोटानं एकेक अक्षर लिहिलं, "मी खरंच सांगितलं."

"माहीत आहे. पण हे तू बघितलेलं. मी नाही."

वडील आता बहुतेक पडूनच असायचे. खाटेवरून त्यांनी विचारलं, "कोण आलं पहिलं?"

मी सांगितलं.

"तिला इचार, बरोबर हाय का निकाल."

मी ताईचा तळहात पुन्हा हातात घेतला आणि वडिलांचा प्रश्न त्यावर लिहिला. मग तिनं खांदे उचलले आणि खूण केली, "मला कसं कळणार?"

इतक्या वर्षांत ताईला आपलं मत नाही, असं कधी झालं नव्हतं. वडील वाट बघत होते. मी म्हटलं, "ती दमलीय." त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. टीव्हीवर पुढची मुलगी मैदानात उतरली होती. मी तो बंद केला आणि चहा ठेवायला आत गेले.