शालिग्रामच्या हातातली बंदूक

प्रतीक्षा फोनवर इतक्या सहज ‘हो’ म्हणाली, हे काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

‘वाचते ना आई. चार ओळी तर आहेत. तू झोप आता.’

माझी मुलगी अशी नाही. सहावीत असताना पाहुण्यांनी श्रीखंडाची तारीफ केली, तर ही मध्येच म्हणाली, ‘आईनं नाही केलं, डेअरीतलं आहे.’ तिचे बाबा अजून हसतात त्यावर. मी हातात वाढायचा चमचा घेऊन तशीच उभी राहिले होते.

आम्ही शेगावला राहतो. ती अमडापूरच्या पुढे एका गावात खोली करून राहते आणि तिथल्या हायस्कूलवर इतिहास शिकवते. यंदा तिची नोकरीत कायम होण्याची पाळी आहे.

त्या गावाला आपल्या शहिदाचा मोठा अभिमान. शालिग्राम एकाहत्तरच्या लढाईत गेले. दर सव्वीस जानेवारीला पोरं त्यांचं नाटक करतात. शालिग्राम झालेला मुलगा लाकडी बंदूक चालवतो, शत्रू पटापट पडतात. नंतर त्यांच्या पत्नीला, जनकाबाईंना, शाल-नारळ देतात. प्रतीक्षा पहिल्या वर्षी मला म्हणाली होती, ‘आई, पटसंख्या वाढली की आमच्याकडे शत्रूही वाढतात. कोणाच्याच पोराला नाही म्हणता येत नाही.’

यंदा नाटक बसवायचं काम तिच्याकडे आलं. तिनं आधी जनकाबाईंनाच आठवीच्या वर्गात बोलावलं. मुलांनी विचारलं, ‘आजी, आजोबानं किती जण मारले?’

‘कोनाले मारलं बाप्पा त्याईनं? ट्रक चालवत होते. वरच्या चौकीवरल्या पोरायसाठी पीठ, राकेल घेऊन चालले होते. रस्त्यावर बर्फ होता, गाडी दरीत गेली. संगच्या जवानानं घरी येऊन सांगतलं मले.’

मग म्हणाल्या, ‘इतक्या वर्सांत मले कोनी इचारलंच नाही, ते कसे गेले म्हून.’

एका मुलीनं विचारलं, ‘मॅडम, मंग ते शहीद नाहीत का?’

‘आहेत ना,’ प्रतीक्षा म्हणाली. ‘वरची पोरं उपाशी होती आणि हे तसल्या रस्त्यानं निघाले होते. आपण तेच दाखवू.’

मुलांनी बाकांचा ट्रक केला. त्या संध्याकाळी फोनवर ती इतकी खूश होती की मला बोलूच देत नव्हती.

आठवड्यानं शाळा समितीची बैठक झाली. शालिग्रामचा पुतण्या हरिओम समितीवर आहे. गावाच्या वेशीवर काकांचा बंदूकधारी पुतळा बसवायचं त्याच्या मनात आहे.

‘मॅडम, आमच्या काकाले तुम्ही डायवर करून टाकलं!’

‘होतेच ते ड्रायव्हर.’

‘तुमाले शिकवाले ठेवलं का गावाची इज्जत काढाले?’

जनकाबाई हरिओमच्याच घरी राहतात; त्यांनाही तिथं आणून बसवलं होतं. हरिओमनं विचारलं, ‘काकू, तू म्हटलं होतं का असं?’

त्यांनी पदराचं टोक चाळवलं. मग म्हणाल्या, ‘मले आता काही आठोत नाही.’

फोनवर हे ऐकून मी संतापले होते. प्रतीक्षा मात्र म्हणाली, ‘तिला त्याच घरात भाकर खायची आहे, आई.’

मुख्याध्यापक वामनराव सरांनी माफीचा मजकूर स्वतःच लिहून दिला. उद्या परिपाठाला, सगळ्या मुलांसमोर, तिनं म्हणायचं की मी अपुऱ्या माहितीवर चुकीचं शिकवलं. सर वाईट नाहीत. ‘पोरी, वाच आन् मोकळी हो,’ म्हणाले. नाटक जुनंच होणार. बाकं जागेवर लावून झाली.

मघाशी मी जनकाबाईंचा नंबर काढला होता. उद्या शाळेत येऊन खरं काय ते सांगा, एवढंच म्हणायचं होतं. पण नाही लावला. माझ्या पोरीला निदान शेगावात घर आहे. त्या बाईनं कुठं जायचं?

आणि वाचलं तर काय होईल, तेही दिसतं आहे. आठवीच्या त्या मुलांनी सगळं जनकाबाईंच्याच तोंडून ऐकलं आहे. उद्या ती आजी त्यांच्या लेखी खोटी ठरेल, तीही माझ्या मुलीच्या तोंडून. पुढं कोणी काही विचारणार नाही. प्रतीक्षाही नाही. तिच्या त्या ‘हो’मध्ये मला तेच ऐकू आलं.

नाही वाचलं तर उद्याच काढतील. दुसरीकडे कोण घेणार, कोणास ठाऊक. नाटकातले शत्रू तरीही पडतीलच. माझ्या एका फोननं त्या गावात काही बदलणार नाही, हे मला कळतं.

तिचे बाबा म्हणतात, सकाळी बोल. सकाळी ती शाळेत निघालेली असेल. मी तिला आत्ताच फोन करून उठवते आणि सांगते, वाचू नकोस.