शेवटच्या कडव्यातलं नाव

कशेडीच्या पायथ्याला, पोलादपूरच्या अंगाला जी वाडी आहे, तिथल्या निम्म्याअधिक घरांच्या भिंती दत्ताराम गवंड्याने उभ्या केल्यात. नुसत्या उभ्या नाही, ओळंबा लावून सरळ केल्यात. पण घर कुणाचं म्हणून विचाराल तर लोक मालकाचं नाव सांगणार, गवंड्याचं कशाला सांगतील? दत्तारामला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. त्याचं नाव लागायची जागा वेगळी होती.

गौरी-गणपतीत वाडीत नाच बसायचा. पायात चाळ बांधून पोरं गोल धरत, मधे ढोलकी आणि झांज, आणि गाणी सगळी दत्तारामची. थापी चालवता चालवता तो गाणं बांधायचा आणि संध्याकाळी पोरांच्या तोंडात घालायचा. कागदाशी त्याचं कधी जमलं नाही. या गाण्यांचा एक रिवाज आहे, आणि तो मोडायचा नसतो. शेवटच्या कडव्यात आधी गुरूचं नाव घ्यायचं, मग बांधणाऱ्याचं. म्हणून दत्तारामचं प्रत्येक गाणं ‘रामाबुवांचा चेला दत्ताराम गातो’ असं म्हणूनच खाली बसायचं. रामाबुवा हे त्याचे गुरू, नात्यातलेच. त्यांना ना मूल ना बाळ, माघारी घरही पडलं. त्यांचं नाव जगात आता कुठे उरलं असेल तर ते एवढ्याच ओळीत, आणि ते सांभाळायचं काम आपलं, असं दत्ताराम मानत आला होता.

अनिल हा त्याचा लाडका चेला. बाप लवकर गेला, तेव्हापासून अनिल याच घरात जेवला, याच्याच हाताखाली विटा वाहिल्या आणि गाणं शिकला. आवाज असा, की दत्ताराम चारचौघांत सांगायचा, माझ्यामागं हाच. पुढे अनिल मुंबईला गेला, तिथे नाचाचं मंडळ काढलं, आणि या पावसाळ्यात त्याचा फोन आला की बुवा, तुमच्या घाटाच्या गाण्याचा व्हिडिओ केलाय. मस्त शूटिंग झालंय, एकदम एचडी. मोबाईलवर बघू नका, मोठ्या टीव्हीवर बघा. गाववाल्याच्या हाती पेन ड्राइव्ह धाडतो.

झालं! दत्तारामची बायको मंजुळा, तिला वाडीभर सांगायला तेवढं पुरलं. रविवारी तिसऱ्या प्रहरी ओटीवर बरीच माणसं जमली. कुणी म्हणालं, बुवा आता टीव्हीवर आले, आता काय आपल्याशी बोलतायत! दत्ताराम वरून नको नको म्हणत होता, पण धुतलेला सदरा घालून पुढेच बसला होता.

पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला, तर टीव्ही म्हणे ही फाइल चालत नाही. मग सून रूपाली उठली. तिचा घरात कॉम्प्युटर होता, त्यावर ती लोकांची टायपिंगची कामं करायची. तो कॉम्प्युटर टीव्हीला जोडू म्हणाली. दत्तारामच्या मुलाने, भरतने, महाडहून आणलेली वायर निघाली आखूड, म्हणून कॉम्प्युटर टेबलासकट ओटीवर आला. वायर खोचली तरी टीव्ही निळाच. रूपालीने रिमोटवर खटाखट बटणं दाबली, तेव्हा चित्र आलं, पण नुसतं फुलांचं. कॉम्प्युटरवर काय चाललंय त्याचा टीव्हीला पत्ताच नाही. भरत उगाच वायर हलवत बसला होता, त्याला तिने दटावलं, कॉम्प्युटरवर आणखी काहीतरी बदललं आणि एकदम टीव्हीभर कशेडीचा घाट उभा राहिला. बाया तोंडाला पदर लावून बघत राहिल्या.

आवाज मात्र नव्हता. रूपाली म्हणाली, थांबवते, आवाज कुठे अडकलाय बघते. लोक म्हणाले, असू दे गो, आधी बघू तर दे.

तर असं ते गाणं मुक्यानेच सुरू झालं. हिरवा घाट, भरजरी कपडे घातलेली पोरं, मधे फेटा बांधलेला अनिल. दत्तारामला आवाज लागतच नव्हता. अनिलचं तोंड हललं की पुढचा शब्द त्याच्या कानात आपोआप वाजत होता. हे कडवं दासगावच्या शाळेची भिंत बांधताना सुचलं, हे मंजुळा रुसून माहेरी गेली तेव्हा. त्याचे डोळे भरून आले. पोराने नाव काढलं, असं तो शेजाऱ्याला म्हणालाही.

आणि शेवटचं कडवं आलं. दत्तारामने मनात ओळ धरली, ‘रामाबुवांचा चेला’. आता रामामधल्या ‘मा’ला ओठ मिटतात, ‘बु’ला मिटतात. त्याशिवाय ती अक्षरं निघतच नाहीत, हे त्याने किती पोरांना ओठ धरून शिकवलं होतं. पडद्यावर अनिलचे ओठ मिटलेच नाहीत. तोंड उघडंच राहिलं, हात छातीवर गेला आणि तो हसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चुकून असं होत नाही. नाव विसरलं तर माणूस अडखळतो. हा हसत होता.

तेवढ्यात रूपाली ओरडली, सापडला आवाज! आवाज टीव्हीकडे पाठवायचा राहिला होता म्हणे. सगळे म्हणाले, मग पहिल्यापासून लाव. दत्ताराम उठला आणि म्हणाला, आता पुरे, माणसांना कामं असतात. ते ऐकून मंजुळाच भडकली. इतकी माणसं बोलावली ती काय मुकं गाणं बघायला? तिला बिचारीला काय ठाऊक! तो पुन्हा खाली बसला.

गाणं लागलं. अनिलचा आवाज तर काय, घाटातून घुमत आला. लोक माना डोलवत होते आणि दत्ताराम कडवी मोजावीत तशी ऐकत होता. शेवटचं सुरू झालं तसा तो ताडकन उभा राहिला आणि आपल्या फुटक्या, म्हाताऱ्या गळ्याने जेवढं जोरात म्हणता येईल तेवढ्या जोरात त्याने ती ओळ म्हटली. रामाबुवांचा चेला दत्ताराम गातो. टीव्हीतला अनिल काय म्हणाला ते कुणाला ऐकू आलंच नाही. लोकांना वाटलं बुवांना चेव आला, त्यांनीही मागून ओळ उचलली. पण मंजुळा टीव्हीच्या अगदी जवळ बसली होती. ती नवऱ्याकडे बघत राहिली. तिने टाळी वाजवली नाही.

माणसं गेल्यावर अनिलचा फोन आला. बुवा, कसं वाटलं?

“शेवटचं कडवं कुणी बदललं?” दत्तारामने विचारलं.

अनिलने आधी सांगितलं की व्हिडिओवाले म्हणाले, गाणं लांबतं. मग म्हणाला, हल्ली गाणाऱ्याचंच नाव चालतं. शेवटी चिडून म्हणाला, “तुमचं नाव इकडं कुणाला माहीत हाय, बुवा?”

“माझं नाय तर नाय, रे. रामाबुवांचं तरी ठेवायचं होतंस.”

 त्यावर अनिल म्हणाला की रेंज नाही, आणि फोन बंद झाला. दत्ताराम टीव्हीसमोर बसला. पडद्यावर अनिल तसाच थांबलेला होता, छातीवर हात ठेवून. ज्या तोंडात आपण घास घातला आणि गाणंही घातलं, त्यानेच केसाने गळा कापावा, हे त्याच्या मनाला पटत नव्हतं. त्याला रडूही येईना. रूपाली वायर काढून गेली.

एका दुपारी घशाच्या जोरावर झाकलं, पण पोरांच्या मोबाईलवर आलेलं ते कुठवर झाकणार? गौरी आल्या. रिवाजाप्रमाणे नाच पहिल्यांदा दत्तारामच्या अंगणात आला. पुढे गाणारा ऋत्विक, सुताराचा मुलगा. ढोलकी घ्या म्हणून पोरांनी म्हाताऱ्याला आग्रह केला, त्याने घेतली. गाणं घाटाचंच होतं, वाडीत कित्येक वर्षं न म्हटलेलं, पोरांनी मोबाईलवरून उचललेलं. शब्दन् शब्द पोरांना पाठ, चाल बरोबर, ठेका बरोबर. शेवटच्या कडव्याला सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, अनिल शाहीर गातो. त्याच्याच अंगणात, त्याच्याच ढोलकीवर. दत्तारामचा हात थांबला नाही. ठेका अर्ध्यात सोडायचा नाही, हेही रामाबुवांनीच शिकवलं होतं.

मंजुळाने पोरांच्या हाती नारळ दिला. ऋत्विक घाम पुसत दत्तारामच्या पाया पडला आणि म्हणाला, “अनिलदादाचं गाणं हाय, बुवा. तुम्हाला कसं वाटलं?”

दत्तारामने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“चांगलं हाय,” तो म्हणाला, आणि ढोलकी त्याच्याकडे देऊन घरात गेला.