जाहिरातीने विचारलेला प्रश्न

आमच्या बागवेड्यांच्या वेबसाइटवर एक रिवाज आहे. आपल्याकडे काय फुललं ते रोज सकाळी लिहायचं. साइट सांभाळते मी. गेला आठवडाभर एक बिघडलेली जाहिरात पान अडवून बसली होती. चक्र नुसतं फिरत राहायचं आणि मग चौकट उघडायची : ‘आपण अजून इथे आहात का?’ सगळे वैतागले. शेवटी मी ती काढून टाकली. पान झटकन उघडलं आणि मी स्वतःवरच खूश झाले.

दुपारी सरलाताईंचा फोन आला. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या.

“अगं, ती चौकट गेली का?”

“गेली हो, कायमची. फार त्रास झाला ना?”

“छे! मी रोज ‘होय’ दाबायचे. बरं वाटायचं.”

मी पान उघडायला लागणारे सेकंद मोजत होते. सरलाताईंच्या जास्वंदीच्या नोंदीखाली मात्र कित्येक दिवसांत कुणी चकार शब्द लिहिला नव्हता. मीसुद्धा नाही.

आता पान क्षणात उघडतं. मी लिहिलं, “ताई, आज किती फुलं?”

लगेच उत्तर आलं, “तीन. आणि होय, आहे मी.”